हाताला बसलेली काठी

७ ऑगस्ट २०२१ची सकाळ आमच्या घरात अजून बोलण्यात येते. एरवी शनिवारी सकाळी आमचा टीव्ही झाकलेला असतो. पण त्या दिवशी आईपासून धाकट्या चिरंजीवांपर्यंत सारे त्याच्यासमोर बसले होते आणि पाहत होते काय, तर गोल्फ! आमच्या सात पिढ्यांत कोणी या खेळाची काठी हातात धरलेली नाही. पण टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर उभी होती, आणि तिची पिशवी सांभाळायला तिची आईच बरोबर होती. एवढे कळल्यावर आमच्या मातोश्री हलतात कशाला? चहा तीनदा झाला, आंघोळी लांबल्या.

मध्येच आईने विचारले, "अरे, मघाशी ही पोर चांगली लांब काठी गरागरा फिरवत होती. आता ही एवढीशी कशाला घेतली? आणि मारत का नाही? नुसती बघत काय बसली आहे?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. लांब टोला हाणण्यात अदिती बरोबरच्या मुलींच्या मागे पडत होती. तिला वर धरून ठेवले होते ते त्या 'एवढ्याशा' काठीने. चेंडू भोकाजवळच्या तुळतुळीत हिरवळीवर पोहोचला की मग तो मारायचा नसतो, घरंगळत न्यायचा असतो. त्या कामाच्या काठीला पटर म्हणतात. अदिती एका फटक्याने मागे राहून चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकून सुवर्णपदक मिळवले आणि साऱ्या देशाचे दुःख धुऊन निघाले. माझ्या डोक्यातून मात्र ती काठी जाईना. मी पेशाने मास्तर. एखादी गोष्ट कळली नाही की मुलांना शिकवायच्या आधी वाचून काढायची, ही जुनी खोड. वाचता वाचता ध्यानात आले की या हातभर काठीच्या पोटात एक मोठे भांडण दडलेले आहे. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी ते मिटलेले नाही.

पण त्याआधी काठी हातात धरून पाहणे आले. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त होऊन पुण्यात राहतात. त्यांच्याकडे गेलो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, छत्र्या ठेवतात तशा उभ्या पिंपात सात पटर ठेवलेले होते. मी म्हटले, "कर्नलसाहेब, एका माणसाला सात?"

ते हसून म्हणाले, "मास्तर, तुमच्या खिशात पेने किती?"

मी गप्प बसलो. तीन होती; आणि वह्या तपासायला त्यातले एकच चालते, हेही खरे होते.

त्यांनी गालिच्यावर चेंडू ठेवला, एक पातळ पात्याची काठी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "डोळे मिटा आणि हळूच मारा. चेंडू कुठे गेला ते मी बघतो. हाताला काय कळले ते तुम्ही सांगा." मी मारले. पात्याच्या टोकाला कुठेतरी चेंडू लागला असावा. एक बारीक झिणझिणी मनगटातून कोपरापर्यंत गेली. मग त्यांनी दुसरी दिली. तिचे डोके पावाच्या लादीएवढे, मागे पसरलेले. तीही मी वेडीवाकडीच मारली असणार, पण हाताला काही कळलेच नाही. उशीवर थाप मारावी तसे वाटले. पहिलीने माझी चुगली केली होती. दुसरीने माझ्या चुकीवर पांघरूण घातले होते.

"यातली चांगली कोणती?" मी विचारले.

"काहींना खरे बोलणारा मित्र लागतो, काहींना धीर देणारा. तुम्ही कोणत्या जातीचे, ते तुमचे तुम्ही ठरवायचे."

इंग्रज खेळाडू या हाताच्या जाणिवेला 'फील' म्हणतात. आपल्याकडे सुतार रंध्याविषयी, आचारी झाऱ्याविषयी आणि तबलजी शाईविषयी जे बोलतो तेच हे. आपण म्हणतो, "हाताला बसली." मौज अशी की 'हात बसला' म्हणजे सराव झाला, आणि 'हाताला बसली' म्हणजे वस्तू मनाजोगी मिळाली. भांडण आहे ते नेमके याच दोहोंमधले. चेंडू भोकात गेला तर श्रेय कोणाचे, बसलेल्या हाताचे की हाताला बसलेल्या हत्याराचे?

एका डावाला १८ भोके आणि साधारण ७२ फटके, असा उत्तम खेळाचा हिशेब धरतात. त्या ७२ पैकी ३६ फटके, प्रत्येक हिरवळीवर दोन याप्रमाणे, पटरच्या नावावर लिहिलेले असतात. मैलभर लोकांचे डोळे दिपवणारे टोले आणि हे दोन हातांवरून घरंगळवलेले चेंडू, दोघांची किंमत एकच. गोट्या खेळलेल्या माणसाला हा न्याय चटकन पटतो. लांबून नेम मारणाऱ्याची वाहवा होते, पण डाव जातो तो गलीत गोटी सोडणाऱ्याकडे.

पूर्वी हिरवळ नावाची वेगळी चीजच नव्हती. एडिंबरोजवळच्या लीथ येथे १७४४ मध्ये या खेळाचे पहिले लेखी नियम झाले, एकूण १३. त्यातला पहिलाच असा की पुढच्या भोकाचा पहिला फटका मागच्या भोकापासून एका काठीच्या अंतरातच मारायचा. म्हणजे जिथे चेंडू अलगद लोटायचा तिथेच लगेच पुढचा टोला हाणायचा! ती जमीन कशी उखणलेली असेल, याची कल्पना करावी. काठ्या लाकडी, लांबट नाकाच्या, मागे शिशाची भर घातलेल्या. चेंडू आधी पिसे भरलेला कातड्याचा. १८४८च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकाचा, म्हणजे गट्टापर्चाचा. आणि १८९८ मध्ये अमेरिकेत निघालेला, रबराचे धागे गुंडाळलेला. चेंडू बदलला की हाताला होणारा स्पर्श बदलायचा आणि खेळाडू पुन्हा काठी शोधू लागायचा. भोकाचे मापसुद्धा सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी १८९१ मध्ये सव्वाचार इंच असे कायमचे ठरवले. तोवर ज्या गावचे भोक त्या गावचे माप. सेंट अँड्र्यूज हे स्कॉटलंडमधले या खेळाचे पंढरपूर म्हणावे असे गाव, आणि तिथल्या 'रॉयल अँड एन्शंट' क्लबाचा शब्द अमेरिका सोडून बाकी जगात नियम म्हणून चाले. इंग्रजांबरोबर हा खेळ हिंदुस्थानात फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. पण आपल्याकडे तो साहेबांच्या कुंपणाआड राहिला, म्हणून आमच्या आईला २०२१ मध्ये 'एवढीशी काठी कशाला' असे विचारावे लागले.

आता त्या भांडणाची हकीकत सांगतो. तिचा नायक मला फार आवडला, कारण त्याने आयुष्यात सारे उशिरा केले.

वॉल्टर ट्रॅव्हिस हा जन्माने ऑस्ट्रेलियन. व्हिक्टोरिया प्रांतातल्या माल्डन गावी १८६२ मध्ये जन्मलेला. लोखंडी सामानाच्या एका पेढीचा प्रतिनिधी म्हणून तो १८८६ मध्ये न्यूयॉर्कला आला. अंगाने किरकोळ, दाढी राखलेली, तोंडात सदैव काळा चिरूट. वयाची चौतिशी गाठेपर्यंत त्याने गोल्फची काठी धरली नव्हती. १८९६ मध्ये धरली, आणि १९०० मध्ये हा गृहस्थ अमेरिकेचा हौशी विजेता झाला! १९०१ आणि १९०३ मध्ये पुन्हा झाला. टोला हाणायला अंगात ताकद नाही, मग त्याने एकच वाट धरली. चेंडू सरळ मारायचा आणि हिरवळीवर चुकायचे नाही. लोक त्याला 'म्हातारबुवा' म्हणत.

त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी या शहरात आर्थर नाइट नावाचे एक गृहस्थ जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एंजिनियर होते. हिरवळीवर आपला हात ठरत नाही म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक काठी बनवली. तोवर काठीचा दांडा डोक्याच्या एका टोकाला, टाचेला, जोडलेला असे. नाइटसाहेबांनी ॲल्युमिनियमचे एक चपटे, मोगरीसारखे डोके ओतून घेतले आणि दांडा टाचेवरून उचलून जवळजवळ मध्यावर आणून बसवला. १९०३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. गावावरूनच काठीला नाव पडले, स्केनेक्टडी पटर. ट्रॅव्हिसने १९०२ मध्येच ती हाती घेतली होती आणि त्या वर्षीच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत तो दुसऱ्या क्रमांकाच्या मानात वाटेकरी झाला होता.

१९०४ मध्ये तो ब्रिटिश हौशी स्पर्धेसाठी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या सँडविच या गावी गेला. आणि तिथे विलायतेच्या हवेत म्हणा, बिनओळखीच्या गवतावर म्हणा, त्याचा हात पार गेला. सरावात चेंडू भोकाच्या अवतीभवती फिरू लागले. नेहमीच्या काठीने दगा दिलेला. स्पर्धा तोंडावर आलेली. अशा वेळी बरोबर आलेल्या एका अमेरिकन स्नेह्याची स्केनेक्टडी काठी त्याने मागून घेतली.

त्यानंतर जे घडले ते इंग्रजांना कितीतरी वर्षे पचले नाही. हॅरॉल्ड हिल्टन हरला. तो दोनदा खुल्या आणि दोनदा हौशी स्पर्धेचा विजेता. मग होरेस हचिन्सन हरला. तोही दोन वेळचा हौशी विजेता. अंतिम सामन्यात समोर आला एडवर्ड ब्लॅकवेल, खुद्द सेंट अँड्र्यूजचा, त्या काळचा सर्वांत लांब टोले हाणणाऱ्यांपैकी एक. ट्रॅव्हिसचा चेंडू त्याच्या खूप मागे पडायचा. पण हिरवळीवर आले की ४२ वर्षांचा हा दाढीवाला चिरूट ओढत उभा राही, ॲल्युमिनियमची ती मोगरी हलके हलवी आणि चेंडू दुरूनही भोकात जाई. तीन भोके शिल्लक असतानाच त्याने सामना जिंकला. बाहेरच्या देशातला पहिला विजेता! टाळ्या जेमतेम पडल्या. ट्रॅव्हिसनेही तिथल्या थंड स्वागताची तक्रार पुढे मनात ठेवली. स्वभावाने तो काही गोड नव्हता, हे सांगितले पाहिजे.

मग लोक म्हणू लागले, माणसाने नाही जिंकले, काठीने जिंकले.

पुढची कथा पुष्कळ ठिकाणी अशी सांगितली जाते की चिडलेल्या इंग्रजांनी लगेच त्या काठीवर बंदी घातली. कथा म्हणून ती छान आहे. मी कादंबऱ्या लिहितो, मला मोह पडला असता. पण सनावळी आड येते. बंदी आली ती १९१० मध्ये, सहा वर्षांनी. निमित्त झाले न्यूझीलंडमधल्या एका क्लबाच्या पत्राचे. क्रोकेच्या खेळातली मोगरी हिरवळीवर चालेल काय, असे त्यांनी विचारले होते. सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी मोगरीच्या जातीच्या सगळ्याच काठ्या बाद ठरवल्या आणि त्या तडाख्यात स्केनेक्टडीही सापडली. सूड नव्हता म्हणावे, तर तिथे बसलेल्या कोणाला सँडविचचा विसर पडला असेल असेही मला वाटत नाही. अमेरिकेच्या संघटनेने हा निर्णय मानला नाही. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट स्वतः गोल्फचे वेडे. त्यांनीही स्केनेक्टडीचीच बाजू घेतली. तेव्हापासून अटलांटिकच्या एका काठावर जी काठी सज्जन, ती दुसऱ्या काठावर गुन्हेगार. १९५१ मध्ये दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून नियम एक केले तेव्हा कुठे हा वाद संपला आणि मधोमध दांड्याची काठी सगळीकडे चालू झाली. म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ! ट्रॅव्हिस १९२७ मध्येच वारला होता.

मला या प्रकरणात एक प्रश्न सारखा छळतो. ती काठी इतकी चमत्कारी होती, तर अमेरिकेत ती कोणालाही विकत मिळत होती. मग सगळेच ट्रॅव्हिस का झाले नाहीत? आणि ती काहीच नव्हती, तर ती मागून घेईपर्यंत ट्रॅव्हिसचा चेंडू भोकात का जात नव्हता?

बॉबी जोन्सची गोष्ट याच्या अगदी उलट जाते. अटलांटाचा हा तरुण चौदाव्या वर्षापासून मोठ्या स्पर्धांत खेळत होता, सारे त्याला असामान्य म्हणत होते आणि सात वर्षांत एकही मोठी स्पर्धा त्याने जिंकली नव्हती. १९२३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या इनवुड येथे खुली स्पर्धा व्हायची होती. त्याचे पटर चालेना, तेव्हा जिम मेडन नावाच्या व्यावसायिक खेळाडूने स्वतःजवळचा एक जुना पटर त्याच्या हाती दिला. पातळ लोखंडी पाते, गंजलेले. दांडा हिकरीच्या लाकडाचा, पूर्वी कधी तडकलेला म्हणून तीन ठिकाणी दोरा गुंडाळून बांधलेला. नाव 'कॅलॅमिटी जेन', अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या एका रांगड्या, बंदूकवाल्या बाईचे. जोन्सने ती स्पर्धा जिंकली.

त्या काळच्या हिरवळी आजच्यापेक्षा बऱ्याच दाट असत. चेंडू गवतात बसलेला असायचा. म्हणून कॅलॅमिटी जेनच्या तोंडाला सुमारे ८ अंशांचा मागचा कल होता. चेंडू आधी अलगद उचलून गवतावर ठेवायचा आणि मग तो घरंगळू लागायचा. आजच्या काठ्यांना ३-४ अंश पुरतात, कारण गवतच सतरंजीसारखे कापलेले असते. लाकडी दांडा किंचित पीळ खायचा, तो पीळ हाताने ओळखून घ्यावा लागे. हे सगळे जोन्सचे हात शिकले. गंज काढण्यासाठी घासून घासून पाते झिजले, तेव्हा त्याने १९२६च्या सुमारास हुबेहूब दुसरी करून घेतली. पहिल्या जेनच्या काळात त्याने तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि दुसरीच्या काळात दहा. १९३० मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकून अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला.

यातली गंमत पुढे आहे. कारखान्यांनी कॅलॅमिटी जेनच्या प्रती काढून दुकानांत मांडल्या, आणि त्या प्रतींच्या दांड्यांवरही तीन काळ्या पट्ट्या होत्या. दांडा तडकलेला नाही, तरी मलमपट्टी मात्र आहे! वर्गातल्या हुशार मुलाच्या वहीवरची शाईचे डागसुद्धा उतरवून घेणारी मुले मी वीस वर्षे पाहत आलो आहे, त्यामुळे मला याचे नवल वाटले नाही.

मग आला कार्स्टन सोल्हाइम. त्याने या साऱ्या 'फील'च्या बोलण्याला फूटपट्टी लावली. नॉर्वेतल्या बर्गन येथे १९११ मध्ये जन्म. दोन वर्षांचा असताना आईबाप अमेरिकेत सिएटलला आले. बाप चांभारकाम करी. पोरगाही तेच शिकला. कॉलेजात एक वर्ष काढले आणि पैसे संपले. (मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाला अशा चरित्रांचे प्रेम असते, वाचकांनी क्षमा करावी.) पुढे तो स्वतःच्या हिमतीवर एंजिनियर झाला आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला, नाइटसाहेबांच्याच कंपनीत. कचेरीतल्या सोबत्यांनी त्याला गोल्फला ओढले तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. ट्रॅव्हिस ज्या वयाला विलायत जिंकून आला, त्या वयाला सोल्हाइम पहिला चेंडू मारत होता! आणि हिरवळीवर त्याचा हात अगदीच ठरत नव्हता.

त्याने दोष हाताला दिला नाही. त्याने काठी पाहिली. पातळ पात्याचे वजन सगळे मध्यावर. चेंडू मध्य सोडून जरा टोकाकडे लागला की पाते मुठीत फिरते आणि चेंडू वाट चुकतो. आपल्याकडचा डोंबारी दोरावरून चालतो तेव्हा हातात लांब कळक आडवा धरतो. का? वजन दोन्ही टोकांना गेले की ती वस्तू सहजासहजी फिरत नाही. डोंबाऱ्याचा तोल त्यावर चालतो. सोल्हाइमने काठीच्या डोक्यातले वजन मधून काढले आणि टाच व चवडा अशा दोन्ही टोकांना वाटून दिले. म्हणजे चेंडू थोडा चुकून लागला तरी तोंड सरळ राहील. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटी येथे घराच्या मोटारखान्यात त्याने अशी काठी बनवली. चेंडू लागला की तिच्यातून घंटेसारखा आवाज निघे, 'पिंग!' तेच तिचे नाव झाले आणि पुढे त्याच्या कारखान्याचेही.

व्यावसायिक खेळाडूंना ते ध्यान आवडले नाही. पण सोल्हाइम हटला नाही. जानेवारी १९६६ मध्ये नवी कल्पना सुचली तेव्हा हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ग्रामोफोनच्या तबकडीच्या पाकिटावर चित्र काढले. नाव पत्नी लुईजबाईंनी सुचवले, 'आन्सर', म्हणजे उत्तर. इंग्रजीतले सहा अक्षरांचे नाव काठीवर मावेना, तेव्हा त्यांनीच सांगितले, एक अक्षर गाळा, उच्चार तोच राहतो. इंग्रजीच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला असेल. पण १९६७ मध्ये ज्युलियस बोरोसने फिनिक्सची स्पर्धा त्या काठीने जिंकली आणि ते चुकीचे स्पेलिंग जगभर गेले. सोल्हाइमने त्याच वर्षी नोकरी सोडली. आज दुकानात ज्या काठ्या दिसतात त्यांतल्या कितीतरी, कोणत्याही कारखान्याच्या असोत, त्या तबकडीच्या पाकिटावरच्या चित्राच्या लेकी-नाती आहेत. टायगर वुड्सने १५ मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्यांतल्या १४ मध्ये त्याच्या हाती असलेली एकच काठी दुसऱ्या कारागिराने घडवलेली, पण घराणे हेच.

तरीही फूटपट्टीचा विजय झाला, असे म्हणायला जीभ रेटत नाही. सोल्हाइमची पहिली काठी ज्या आवाजासाठी हसण्यावारी गेली, तो आवाज लोकांना हळूहळू हवासा वाटू लागला. कारण हाताला काय लागले हे पुष्कळदा कानच सांगतो. कर्नलसाहेबांनी मला कानांत बोळे घालून तीच पातळ काठी पुन्हा मारायला लावली. झिणझिणी निम्मी झाली! मडके घेताना आपण टिचकी मारतो ती काय हाताने ऐकतो? पुढे कारखान्यांनी काठीच्या तोंडात मऊ पदार्थाच्या चकत्या बसवल्या; कोणी पोलादावर बारीक रेघा कोरल्या. एंजिनियरांचे आकडे छापील कागदावर राहिले आणि गिऱ्हाईक दुकानात उभे राहून अजून तेच म्हणते, "ही नको, ती द्या. ती हाताला बरी लागते."

या साऱ्याच्या तळाशी एक भीती आहे आणि तिच्याविषयी खेळाडू फार बोलत नाहीत. हात दोनच हातांवरचा चेंडू लोटायला जातो आणि ऐन क्षणी मनगट आपोआप झटका देते. टॉमी आर्मर या खेळाडूने त्याला 'यिप्स' असे नाव दिले. सहा वेळा ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकलेल्या हॅरी व्हार्डनला ते झाले; क्षयातून उठल्यावर पोरानेही चुकवू नयेत असे चेंडू त्याचे चुकू लागले. सॅम स्नीडला झाले. त्याने पायांमध्ये काठी धरून समोर तोंड करून क्रोकेसारखे मारायला सुरुवात केली, तर १९६८ पासून तसे उभे राहायला बंदी आली. जर्मनीच्या बर्नहार्ड लांगरला पुन्हा पुन्हा झाले. त्याने दांडा चक्क डाव्या हाताच्या कोपराखाली आवळून धरला आणि तसाच १९९३ची मास्टर्स स्पर्धा जिंकला. पुढे लांब काठ्या आल्या, हनुवटीपर्यंत पोहोचणाऱ्या. वरचे टोक छातीला टेकवायचे आणि घड्याळाच्या लंबकासारखी काठी झुलवायची. मनगटाला काही कामच नाही. मग ते झटका देणार कुठून? दुखणाईतांना हा मोठाच आधार वाटला. पण २०११ मध्ये पोटाला टेकवलेल्या काठीने आणि २०१३ मध्ये लांब काठीने तरणीताठी मुले मोठ्या स्पर्धा जिंकू लागली, तेव्हा नियमवाले जागे झाले. १ जानेवारी २०१६ पासून काठी कितीही लांब असो, ती अंगाला टेकवायची नाही, असे ठरले. १९१० मध्ये काठीचे रूप बाद झाले होते; शंभर वर्षांनी काठी राहिली आणि टेकू गेला. दोन्ही वेळा म्हणणे एकच होते, काठीने माणसाचे किती काम करावे? मला विचाराल तर स्केनेक्टडीवरची बंदी हे नुसते खूळ होते, पण या दुसऱ्या बंदीला काही अर्थ आहे. आणि तरीही ज्याचा हात थरथरतो त्याच्याकडे पाहून हे वाक्य बोलणे मला जड जाते.

गेल्या महिन्यात कर्नलसाहेबांकडे पुन्हा गेलो. एवढे वाचून झाले होते, म्हणून थोडी ऐट होती. पिंपातली एक काठी काढून मी तिचा दांडा एका बोटावर आडवा तोलला. डोक्याचा चवडा खाली लोंबला. "ही वळणदार हाताची," मी म्हटले. दुसरी तोलली, तिचे तोंड सरळ आभाळाकडे राहिले. "ही सरळ मागेपुढे झुलवणाऱ्याची."

"दुकानदाराइतके शिकलात, मास्तर," ते म्हणाले. "नियम बरा आहे. पण मी वीस वर्षे उलट्या काठीने खेळलो आणि वाईट खेळलो नाही."

पिंपात आता आठवी काठी होती, बाकीच्यांच्या डोक्यावरून वर आलेली. लांब. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. चहाचा कप त्यांनी मघाशी दोन्ही हातांनी धरला होता, तेही माझ्या ध्यानात आले होते. ते उठले, ती काठी घेऊन गालिच्याच्या टोकाशी उभे राहिले. दिवाणखान्यात आम्ही दोघेच. स्पर्धा नाही, पंच नाही, कोणी हिशेब लिहायला नाही. काठीचे वरचे टोक त्यांनी डाव्या मुठीत धरले आणि मूठ छातीजवळ नेली. मग उजव्या हाताची दोन बोटे मूठ आणि सदऱ्याच्या मधल्या फटीत घालून पाहिली. दोन बोटे नीट मावली, तेव्हा हात काढून घेतला आणि चेंडू मारला.

चेंडू गालिच्याच्या कडेला लागून सोफ्याखाली गेला. मी वाकून तो काढून दिला, आणि त्यांनी पुन्हा दोन बोटे घालून अंतर मोजले.